पॅरिसचा हवामान करार आणि आपली ग्रामसभा : पैसा आणि योजना कोणत्या पायऱ्यांनी गावात येतात?

मृग कोरडा जातो, पेरणी आर्द्रात ढकलली जाते, ऑगस्टात पंधरा-वीस दिवस पावसाचा खंड पडतो आणि सोयाबीन काढायच्या वेळी आभाळ फाटतं. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला यात आता नवल राहिलेलं नाही. याच विषयावर दरवर्षी जगातले जवळपास सगळे देश एकत्र बसतात. २०२५ च्या नोव्हेंबरात ही बैठक ब्राझीलमधल्या बेलेम शहरात झाली. टीव्हीवर दोन मिनिटांची बातमी आली आणि विषय संपला. त्या बैठकीचा आपल्या गावाशी काय संबंध, असं पारावर कुणी विचारलं तर उत्तर देणारा सापडत नाही.

संबंध आहे. राज्यातल्या हजारो गावांत ठिबक, शेडनेट, फळबाग, शेततळ्याचं अस्तरीकरण यासाठी शेतकऱ्यांच्या खात्यावर जे अनुदान जमा झालं, त्यातला मोठा वाटा हवामान बदलाला तोंड देण्यासाठी घेतलेल्या परदेशी कर्जातून आला. तो पैसा जग, देश, राज्य, जिल्हा-तालुका आणि गाव अशा पाच पायऱ्या उतरून येतो. प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी ठरवतं. कोण काय ठरवतं आणि गावाच्या हातात नेमकं काय उरतं, त्याची ही माहिती.

पहिली पायरी : जग

कारखाने, वाहनं, वीजनिर्मिती यासाठी कोळसा आणि तेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे पृथ्वी तापते आणि पावसाचं वेळापत्रक बिघडतं. हा वायू देशांच्या सीमा ओळखत नाही. म्हणून एकट्या देशाने काही केलं तर पुरत नाही.

१९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात वसुंधरा परिषद झाली. तिथे संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलाबाबतचा मूळ करार सह्यांसाठी खुला झाला. भारतानेही त्यावर सही केली. 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' हे त्यातलं महत्त्वाचं तत्त्व. ज्या देशांनी शे-दीडशे वर्षं धूर सोडून श्रीमंती मिळवली, त्यांनी जास्त भार उचलायचा. भारत आजही प्रत्येक बैठकीत हाच मुद्दा लावून धरतो, कारण आपल्याकडचं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीपेक्षा बरंच कमी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचं तर त्याहून कमी. करून गेलं गाव आणि भलत्याचं नाव, अशातला हा प्रकार.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसचा करार मंजूर झाला आणि ४ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाला. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधी जयंतीला, त्याला अंतिम मान्यता दिली. जगाची तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि शक्यतो दीड अंशावर थांबवायची, असं या करारात ठरलं. कुणी किती कपात करायची हे मात्र प्रत्येक देशाने स्वतःच ठरवायचं. दर पाच वर्षांनी नवं आणि आधीपेक्षा मोठं उद्दिष्ट द्यायचं. उद्दिष्ट गाठलं नाही म्हणून दंड नाही. सगळा कारभार जगाच्या डोळ्यांसमोर, एवढाच काय तो धाक.

याच करारात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम स्थानिक, प्रांतिक, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा सगळ्या पातळ्यांवरचं आहे. म्हणजे ग्रामपंचायत आणि नगरपालिकाही या कामात धरलेल्या आहेत.

पैशाचं बोलायचं तर २००९ साली कोपनहेगनच्या बैठकीत श्रीमंत देशांनी २०२० पासून गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून द्यायचं कबूल केलं. तो आकडा त्यांनी २०२२ साली, दोन वर्षं उशिराने गाठला. २०२४ साली बाकूच्या बैठकीत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा नवा आकडा ठरला. ही रक्कम फार तोकडी असल्याचं सांगून भारताने तिथेच विरोध नोंदवला. या पैशातही मोठा हिस्सा कर्जाचा असतो आणि बराच पैसा वीज आणि वाहतुकीकडे जातो. शेती, पाणी, किनारे सावरण्याच्या वाट्याला त्या मानाने कमीच येतं.

वरचा हटला तरी खालचे थांबत नाहीत

देश करारातून बाहेर पडला तर सगळं ठप्प होतं का? अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पॅरिस करार सोडण्याची घोषणा केली. तेव्हा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या गव्हर्नरांनी एकत्र येऊन करारातलं काम आपल्या राज्यात चालूच ठेवायचं जाहीर केलं. पुढे इतर राज्येही त्यांना मिळाली. २०२१ साली अमेरिका करारात परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. वर हे जा-ये चालू असताना राज्यांचे आणि शहरांचे आपापले कायदे मात्र चालू राहिले.

राज्या-राज्यांचं असं सहकार्य आपल्यापर्यंतही आलं आहे. कॅलिफोर्निया आणि जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या दोन प्रांतांनी २०१५ साली 'अंडर टू' नावाची आघाडी उभी केली. महाराष्ट्र तिचा सदस्य आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या बैठकीवेळी या आघाडीचा एक पुरस्कार महाराष्ट्राला मिळाला. मुंबई महापालिका 'सी-फॉर्टी' या जगातल्या मोठ्या शहरांच्या गटात आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबईने स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला.

दुसरी पायरी : देश

पॅरिस करारापोटी भारताने आधी दिलेली उद्दिष्टं ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवली. त्यातली दोन समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं : देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे जेवढा हा वायू बाहेर पडतो, त्याचं प्रमाण २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचं.

दुसरं : वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता २०३० पर्यंत कोळसा-तेलाशिवायची, म्हणजे सौर, पवन, जल, अणु अशी करायची. हा टप्पा देशाने २०२५ मध्येच गाठल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. ही बांधलेली क्षमता आहे. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजूनही कोळशाचाच वाटा मोठा आहे, हा फरक लक्षात ठेवावा.

याशिवाय २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याची घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२१ साली ग्लासगोत केली.

शेतातले सौर पंप या दुसऱ्या उद्दिष्टाशी जोडलेले आहेत. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर आहे. प्रकल्प होणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. हा पैसा गावात कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं.

तिसरी पायरी : राज्य

शेती आणि पाणी हे राज्यघटनेनुसार राज्याचे विषय. त्यामुळे दिल्लीने जगाला शब्द दिला तरी शेतातलं काम राज्यालाच करावं लागतं. केंद्राने २००८ साली हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि नंतर प्रत्येक राज्याला आपापला आराखडा करायला सांगितलं. महाराष्ट्राचा आराखडा २०१४ साली पुढे आला.

२ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात माझी वसुंधरा अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच घटकांवर नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना गुण दिले जातात आणि पुढे राहणाऱ्यांना बक्षिसाची रक्कम मिळते.

बाहेरचा पैसा राज्यात मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट अनुदानाची. दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. सिंधुदुर्गासह कोकण किनाऱ्यावर कांदळवनं वाढवणं आणि खेकडापालनासारखे जोडधंदे उभे करणं, अशी कामं त्यातून होतात. हे पैसे परत करायचे नाहीत.

दुसरी वाट कर्जाची. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पोकरा.

पोकरा : परदेशी कर्ज, गावचा आराखडा

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, बोलीभाषेत पोकरा. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. एकूण खर्च सुमारे ४ हजार कोटी रुपये. त्यातले ७० टक्के जागतिक बँकेचे, ३० टक्के राज्याचे. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा आणि खान्देशातला जळगाव अशा १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं त्यात होती. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची गावंही त्यात आली. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं घेतली असून खर्च ६ हजार कोटी रुपये धरला आहे.

हे कर्ज फेडायचं आहे, आणि ते राज्याच्या तिजोरीतून. तिजोरी भरते ती किराणा, कपडा, डिझेल यावर सगळेच भरतात त्या करातून. म्हणून शेततळं वाया गेलं, शेडनेट वर्षभरात फाटून पडलं किंवा काम फक्त कागदावर झालं, तरी त्याचा हप्ता चुकत नाही. 'सरकारचा पैसा आहे, आपलं काय जातं' हे म्हणणं इथे लागू पडत नाही.

गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. समितीने गावाची पाहणी करून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून गावाचा आराखडा करायचा आणि तो ग्रामसभेत ठेवायचा. वैयक्तिक लाभासाठी शेतकरी ऑनलाइन अर्ज करतो. पूर्वसंमती मिळाली की काम करायचं, मग कृषी विभागाची मोका तपासणी होते, ठिकाणासह फोटो चढतात आणि त्यानंतर अनुदान थेट बँक खात्यात जमा होतं. अत्यल्प आणि अल्पभूधारकांना प्राधान्य आहे.

चौथी पायरी : जिल्हा आणि तालुका

वरचा आराखडा आणि खालची मागणी यांची गाठ इथे पडते. अर्ज तालुका कृषी अधिकारी आणि उपविभागीय कृषी अधिकारी कार्यालयातून पुढे सरकतात. आपत्तीचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

पावसाचा आकडाही याच पायरीवर मोजला जातो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं अनेक आणि पर्जन्यमापक एखाद-दुसऱ्या ठिकाणी. यंत्राच्या गावात भुरभुर आणि शेजारच्या शिवारात बांध फुटले, असं घडतं. अशा वेळी पंचनाम्यासाठी लगेच, लेखी आणि फोटोसह कळवणं हाच मार्ग असतो.

पाचवी पायरी : गाव आणि पाण्याचा ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद म्हणजे घरच्या जमाखर्चासारखाच हिशेब. एक उदाहरण घेऊ.

समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ७०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर पाणी. म्हणजे गावावर पडलेलं एकूण पाणी ७०० कोटी लिटर, किंवा ७,००० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे १० लाख लिटर. यातलं काही पाणी ओढ्याने वाहून जातं, काही उन्हाने उडतं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि उरलेलं मुरून विहिरींना लागतं.

आता खर्च. गावची लोकसंख्या २ हजार आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम पाणी लागतं. आणि ऊस? एक हेक्टर उसाला हंगामात पावसासह साधारण १५ ते २५ टीसीएम लागतं. सरासरी २० धरून त्यातून पावसाचं वजा केलं, तरी अख्ख्या गावाचं वर्षाचं घरगुती पाणी अडीच-तीन हेक्टर उसातच जिरतं. हा हिशेब फळ्यावर मांडला की मे महिन्यात टँकर का लागतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पॅरिसचा करार होण्याच्या कितीतरी आधीपासून हा हिशेब ग्रामसभेत मांडला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने माथा ते पायथा पाणी अडवलं आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर, उसासारख्या पिकांवर स्वतःच बंधन घालून घेतलं. त्यासाठी बाहेरच्या बँकेची अट लागली नाही.

घोडं कुठं अडतं?

- आधी खिशातून खर्च आणि मग अनुदान, अशी पद्धत असल्याने ज्याच्याकडे रोकड नाही तो मागे राहतो. ज्याच्यासाठी योजना आहे तोच उसनवारी करतो किंवा अर्ज सोडून देतो.
- समिती कागदावर असते, बैठक होत नाही. ताळेबंद बाहेरून तयार होऊन येतो आणि गावाला तो कधी दिसतच नाही.
- वैयक्तिक लाभाला रांग लागते. पण ओढ्यावरचा बंधारा, माथ्यावरचे चर, गायरानातली झाडं या सामाईक कामांना कुणी वाली नसतो. विहिरीचं पाणी मात्र याच कामांवर अवलंबून असतं.
- शेततळं पावसाने भरण्याऐवजी बोअरच्या पाण्याने भरलं जातं. मग जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात वाळवल्यासारखंच होतं.

गाव यादीत नसेल तर

पोकराच्या यादीत नाव नाही म्हणून दार बंद होत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची सूची केली. त्यात शेती, लघुपाटबंधारे, पाणलोट, सामाजिक वनीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे विषय आहेत. 'आमचं गाव, आमचा विकास' या वार्षिक आराखड्यात ही कामं घालता येतात. जलसमृद्ध गाव आणि स्वच्छ व हरित गाव या संकल्पना त्यासाठी ठरवून दिलेल्या आहेत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. आपल्या गावात तो कुठे खर्च झाला, ते दप्तरात सापडतं. त्याशिवाय रोजगार हमीची कामं आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला ही दारंही उघडी आहेत.

ग्रामसभेत काय विचारायचं?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी साधारणपणे ग्रामसभा होते. तिथे हे प्रश्न मांडता येतात :

१. आपलं गाव पोकराच्या कुठल्या टप्प्यात आहे? समितीत कोण आहेत, त्यात महिला किती?
२. पाण्याचा ताळेबंद झाला का? तो पंचायतीच्या भिंतीवर लावणार का?
३. यंदाच्या आराखड्यात पाणी अडवण्याची सामाईक कामं किती आणि कुठल्या गटात?
४. आधी झालेल्या बंधाऱ्यांची आणि चरांची देखभाल कोण करतं, गाळ कधी काढणार?
५. सौर प्रकल्पाचे किंवा बक्षिसाचे पैसे आले असतील तर कशावर खर्च झाले?

उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहून घ्यावं, सही होण्याआधी वाचून बघावं. पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचण्याचा आग्रह धरावा.

शब्दांचे अर्थ

कॉप : हवामान करारातल्या देशांची वार्षिक बैठक.
उत्सर्जन : हवेत सोडला जाणारा धूर आणि वायू.
शमन : उत्सर्जन कमी करण्याचं काम, उदाहरणार्थ सौर पंप.
अनुकूलन : बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम, उदाहरणार्थ रुंद सरी-वरंब्यावर म्हणजे बीबीएफने पेरणी, पाण्याचा ताळेबंद.
टीसीएम : हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी.